स्वभाव की व्याधी? : एका निदानाची हकीगत
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, या शहरातील मराठी माणसांचा इतिहास अशा भारदस्त विषयांवर व्याख्याने झाली. त्यांच्या पंक्तीत आम्हां उभयतांना एका घरगुती विषयावर बोलावयास कार्यवाहांनी का पाचारण केले, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. आमच्या चिरंजीवास आपण लहानपणापासून पाहत आला आहात. गणेशोत्सवात झांजा सुरू झाल्या की दोन्ही कान झाकून जिन्याखाली जाऊन बसणारा मुलगा तो हाच. बोलणार आमच्यापैकी एक, पण मजकूर दोघांचा. आणि तो आधी चिरंजीवास वाचून दाखविला आहे. त्याने दोन अटी घातल्या. त्याचे नाव घ्यावयाचे नाही, आणि सनावळी चुकवावयाची नाही.

परप्रांतात वाढणाऱ्या मुलाच्या वागण्यातील प्रत्येक वेगळेपणाला एक तयार कारण हाताशी असते, हे आम्हांला प्रथम सांगावयाचे आहे. आमच्या घरात मराठी, जिन्यात आणि अंगणात कन्नड, शाळेत इंग्रजी, दूरदर्शनच्या पडद्यावर हिंदी. मूल खाली खेळावयास गेले आणि इतर मुलांपासून दहा हात दूर उभे राहिले, तर शेजारी म्हणत, त्याला अजून भाषा उमगत नसेल. डोळ्यांत पाहून बोलत नाही, तर तो लाजाळू. समवयस्कांत न मिसळता मोठ्या माणसांना गाठून तासभर एकाच विषयावर बोलतो, तर काय करील बिचारा, एकटाच आहे, येथे चुलत-मामे भावंडे कोठून आणावयाची? उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीस नेले की घरात अकरा भावंडे, सगळी मराठी बोलणारी. आणि हा मागच्या पडवीत पाटावर बसून बंगळूर ते मुंबई गाडीची स्थानके क्रमाने लिहीत असे. गुंटकल, रायचूर, वाडी. तेथील मंडळी म्हणत, बंगळूरच्या बंद घरांची सवय लागली आहे त्याला. म्हणजे येथे दोष मराठीचा आणि तेथे बंगळूरचा. दोन्ही गावी मूल मात्र एकच होते आणि वागणेही एकच होते. पुढे तज्ज्ञांनी आम्हांला सर्वांत आधी हेच विचारले की, जागा बदलली, भाषा बदलली, भोवतालची माणसे बदलली, तरी हे वर्तन तसेच राहते काय? परप्रांती कुटुंबाजवळ या प्रश्नाचे उत्तर आपसूक असते. वर्षातून एकदा गावी जाणे ही एक परीक्षाच असते, तिच्याकडे त्या दृष्टीने पाहिले पाहिजे.

आणखी एका गोष्टीने सर्वांचा गैरसमज होई. मुलगा बोलावयास लवकर लागला. दुसरा वाढदिवस होण्यापूर्वीच पूर्ण वाक्ये बोले. चौथ्या वर्षी दुकानांवरच्या कन्नड पाट्या कोणी न शिकविता वाचू लागला. सहाव्या वर्षी ‘तथापि’ आणि ‘यथावकाश’ हे शब्द त्याच्या बोलण्यात येत. आपल्या या मुलांना मराठी मिळते ती घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आणि पुस्तकांतून. गल्लीतली मराठी त्यांच्या कानी पडतच नाही. त्यामुळे ती पुस्तकी भाषा कोणालाच खटकली नाही. उलट याच सभागृहात पाठांतराच्या स्पर्धेत त्याला शुद्ध मराठीबद्दल पहिले बक्षीस मिळाले. तो पेला अजून आमच्या कपाटात आहे. ग्रांथिक, एकसुरी, समोरच्याचा कंटाळा न ओळखणारे बोलणे हे एक लक्षण असू शकते, ही माहिती त्या काळी परीक्षकांस असावी अशी अपेक्षा कोण करील!

शाळेतील एका शिक्षिकेने २०१० साली प्रथम स्पष्ट शब्दांत सांगितले की, हा मुलगा हुशार आहे, पण वर्गात तो काचेपलीकडे बसल्यासारखा वाटतो. त्या वर्षीच्या डिसेंबरात रेल्वेने गाड्यांचे चार आकडी क्रमांक बदलून पाच आकडी केले. आपणांस ती बातमी आठवतही नसेल. आमच्या घरी त्या बातमीने तीन रात्री कोणी झोपले नाही. पाठ केलेले शेकडो क्रमांक एका दिवसात खोटे ठरले, हे त्याला सोसवेना. तापाने फणफणावा तसा तो रडत होता. शिक्षिकेचे शब्द आणि या तीन रात्री यांची सांगड आम्ही घातली आणि तपासणीस निघालो.

पहिल्या एका डॉक्टरांनी दहा मिनिटांत निकाल दिला. चार भाषांचा गोंधळ झाला आहे, घरात मराठी बंद करा, सर्वांनी इंग्रजीच बोला, वर्षभरात मूल ताळ्यावर येईल. असा सल्ला मिळालेली आणखी तीन कुटुंबे या सभागृहात आज बसली आहेत, म्हणून हा मुद्दा आम्ही मुद्दाम विस्ताराने मांडतो. दोन किंवा अधिक भाषांत वाढल्यामुळे ऑटिझम उत्पन्न होत नाही. ऑटिझम असलेल्या मुलांविषयी या प्रश्नाचा अभ्यास अनेक देशांत झाला आहे, आणि दुभाषी घरातील अशी मुले एकभाषी घरातील अशाच मुलांपेक्षा भाषेत मागे पडतात असे आढळलेले नाही. मग मराठी बंद करून काय साधले असते? आमच्या घरात ज्या भाषेत रागावणे, लाड करणे, विनोद करणे सहज होते ती भाषा जाऊन तिच्या जागी कार्यालयातील इंग्रजी आली असती. माणसांच्या बोलण्यातील सूर ओळखणे ज्याला आधीच जड, त्याच्यापुढे सूर नसलेली भाषा ठेवावयाची, आणि आजीशी असलेला त्याचा एकुलता एक धागाही तोडावयाचा! आम्ही तो सल्ला मानला नाही.

दुसऱ्या ठिकाणी २०११ साली जी तपासणी झाली ती चार बैठकींत, सुमारे दोन महिने चालली. ती कशी असते याविषयी पुष्कळांच्या मनात उगाच धास्ती असते. रक्त घेत नाहीत, डोक्याची छायाचित्रे काढून निदान करीत नाहीत. या स्थितीचे निदान करणारी तशी चाचणीच अस्तित्वात नाही. प्रथम कान तपासले, कारण हाक मारली असता ओ न देणारे मूल कधी कधी खरोखरच कमी ऐकणारे असते. मग बुद्धिमापन, शाळेचा अहवाल, मुलाबरोबर खेळ आणि गप्पा. आणि सर्वांत अधिक वेळ गेला तो आमची जबानी घेण्यात. पहिला शब्द कोणत्या महिन्यात? बोट दाखवून वस्तू मागत असे काय? भातुकली, लुटुपुटीचे खेळ खेळला काय? नऊ वर्षांपूर्वीचे महिने कोणाला आठवतात! परंतु येथे दूर राहण्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. सांगलीच्या आजींना फोनवर नीट ऐकू येत नसे, म्हणून दर पंधरवड्याला त्यांना आंतर्देशीय पत्र जाई आणि त्यात नातवाच्या प्रगतीचा वृत्तान्त असे. आजींनी ती सारी पत्रे बिस्किटांच्या डब्यात तारीखवार लावून ठेवली होती. डबा कुरियरने आला. सोळाव्या महिन्यातील एका पत्रात आम्ही कौतुकाने लिहिले होते की, हा बोट दाखवीत नाही, आपले मनगट धरून पाण्याच्या माठापर्यंत नेतो. तिसऱ्या वर्षाच्या एका पत्रात मावशीने दिलेल्या खेळातल्या चहाची गंमत होती: कप पाहून त्याने, “यात चहा नाही” असे सांगून तो परत केला होता. डॉक्टरीणबाईंनी ही दोन्ही पत्रे पुन्हा वाचून घेतली. आज पत्रे कोणी लिहीत नाही, पण नातवंडांच्या चित्रफिती आजी-आजोबांच्या फोनवर शेकड्यांनी असतात. त्या तारखांसह राखून ठेवाव्यात.

शेवटच्या बैठकीत मिळालेल्या कागदावर लिहिले होते, अॅस्पर्जर सिंड्रोम, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातील क्रमांक, एफ ८४.५.

या नावामागील इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध करून ऑटिझमला वैद्यकात स्थान दिले. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या बालरुग्णालयातील हान्स अॅस्पर्जर यांनी जर्मन भाषेत चार मुलांचे वर्णन केले. ही मुले उत्तम बोलत, एखाद्या विषयात रमून जात, पण माणसांच्या अलिखित रीती त्यांना उलगडत नसत. त्यापूर्वी मॉस्कोच्या ग्रुन्या सुखारेवा या बाईंनी सहा मुलांचे जवळजवळ असेच वर्णन केले होते आणि १९२६ साली ते जर्मन नियतकालिकात आले होते. पण त्यांचे नाव कोणी घेतले नाही, असे अनेकदा होते. अॅस्पर्जर १९८० साली वारले आणि १९८१ साली लंडनच्या लोर्ना विंग यांनी एका निबंधात हे नाव रूढ केले. विंगबाई मनोविकारतज्ज्ञ तर होत्याच, शिवाय ऑटिझम असलेल्या मुलीच्या आईही होत्या. त्यांच्या लेखनाला वेगळे वजन आहे ते या दोन्ही गोष्टींमुळे, असे आमचे मत आहे.

पुढे २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या नियमपुस्तिकेतून हे स्वतंत्र नाव काढून टाकले आणि सारे प्रकार ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ या एका छत्राखाली आणले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीतही तसेच आहे. याचे कारण साधे आहे. अॅस्पर्जर कोठे संपतो आणि ऑटिझम कोठे सुरू होतो, याविषयी दोन डॉक्टरांचे एकमत होईना. आज कोणाच्या मुलाचे नव्याने निदान झाले तर कागदावर अॅस्पर्जर हे नाव येणार नाही; त्यामुळे घाबरून जाऊन मूल एकाएकी अधिक आजारी झाले असे समजू नये. २०१८ साली हेर्विग चेख या इतिहासकाराने व्हिएन्नातील कागदपत्रांवरून दाखवून दिले की, नाझी राजवटीत अॅस्पर्जर यांनी निदान दोन लहान मुलींना अशा संस्थेकडे पाठविले होते, जेथे अपंग मुलांना ठार मारले जात असे. चिरंजीवाने तो सारा मजकूर स्वतः वाचला. तेव्हापासून तो अॅस्पर्जर हे नाव स्वतःस लावीत नाही. नव्या वर्गीकरणातील ६ए०२ हा क्रमांक त्याने त्या वेळी आम्हांला सांगितला. गाड्यांच्या क्रमांकांवरून तीन रात्री रडलेला मुलगा या क्रमांकाचा बदल कसा सोसणार, अशी आम्हांस काळजी होती. तो म्हणाला, “गाडी तीच आहे.”

मराठीत यास ‘स्वमग्नता’ म्हणतात. शब्द गोड आहे, पण आम्हांला तो तितकासा पटत नाही. मग्न म्हटले की समाधी आठवते. आमचा मुलगा स्वतःत मग्न कधीच नव्हता. तो वेळापत्रकांत, नकाशांत, रुळांच्या रुंदीत मग्न होता, म्हणजे आपणां सर्वांच्याच जगात. अवघड जात होती ती माणसे. आणि माणसांमध्येही त्यांची भाषा.

आपली मराठी किती आडवळणाची आहे हे अशा मुलाच्या सहवासात कळते. कामास निघताना आपण ‘येतो’ म्हणतो. हा दारात उभा राहून म्हणे, “बाबा, तुम्ही तर जाताय.” जाणे हा शब्द अशुभ मानून आपण टाळतो हे त्याला कोण सांगणार, आणि सांगितले तरी ते कोणत्या नियमात बसवावयाचे? शेजारच्या अज्जींच्या तोंडी त्याने ‘होगि बर्तीनि’ हे कन्नड ऐकले, म्हणजे ‘जाऊन येतो’, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्यात जाणेही आहे आणि येणेही आहे, असे तो म्हणाला. तेव्हापासून आमच्या घरात सर्वजण ‘जाऊन येतो’ असेच म्हणतात. ‘जिभेला हाड नाही’ म्हटले तर तो म्हणे, कोणाच्याच जिभेला नसते. पाहुणे उठले की आपण रीतीप्रमाणे ‘आता जेवूनच जा’ म्हणतो. हा तत्काळ पाने मांडावयास लागे, आणि पाहुणे व यजमान एकमेकांकडे पाहत राहत. निदानापूर्वी अशा प्रसंगांना लोक आगाऊपणा म्हणत, काही जण संस्कारांचा विषय काढीत. निदानानंतर आम्ही एक वही केली. डाव्या बाजूस वाक्प्रचार, उजव्या बाजूस त्याचा अर्थ, आणि तो कोण कोणाला केव्हा म्हणतो. त्या वहीची आता तिसरी वही झाली आहे. तीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांना सोळा पाने लागली.

आता एका नाजूक गोष्टीविषयी. मूल असे झाले ते आई नोकरी करते म्हणून, हे वाक्य हळदीकुंकवात दबक्या आवाजात बोलले गेले. हे मत आपल्या बायकांनी शोधून काढलेले नाही. एके काळी मोठमोठे तज्ज्ञ तेच सांगत. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली ग्रंथ लिहून आईबापांच्या, विशेषतः आईच्या थंडपणावर सारा ठपका ठेवला होता. वास्तविक त्यापूर्वीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलँड यांनी ही उपपत्ती खोडून काढली होती. तेही अशा मुलाचे वडील होते. १९७७ साली सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांच्या एकवीस जोड्या तपासल्या, आणि आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे हे दिसून आले. आजही कोणी आईकडे बोट दाखवीत असेल तर ते पन्नास वर्षे मागे आहेत, इतकेच आम्ही म्हणू. लशींचा संबंध जोडणारा १९९८ सालचा निबंध तर छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१० साली मागे घेतला. आनुवंशिकतेचा विषय आम्ही सांगलीत काढला तेव्हा सर्वांना एकदम आमचे एक चुलते आठवले. तीस वर्षे रोजच्या पावसाची नोंद ठेवणारे, कोणाच्या लग्नास न जाणारे, ठरल्या वेळी ठरल्या रस्त्याने फिरावयास जाणारे. त्यांना घरात विक्षिप्त म्हणत. ते आता नाहीत. त्यांना कधी कोणी काही विचारले नाही, हे आजी त्या दिवशी दोनदा म्हणाल्या.

मग त्यांच्यासारखेच आयुष्य निघाले असते, निदान कशास हवे, असा प्रश्न याच मंडळातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस विचारला होता. प्रश्न योग्य आहे. स्वभाव म्हणून सोडून देता येते, पण मग शिक्षा होतात त्याही स्वभावालाच. निदान झाल्यावर शाळेने त्याला मधल्या सुट्टीत ग्रंथालयात बसू दिले, तोंडी सूचना फळ्यावर लिहून देऊ लागले, सहल असेल तर दोन दिवस आधी कार्यक्रम कळवू लागले. औषध यावर नाही. फार काळजी वाटणे, झोप न लागणे यांसाठी कधी औषध देतात, ते वेगळे. बरे करून देतो म्हणून मूलपेशींच्या सुया टोचणारे आणि लाखो रुपये मागणारे भेटतील. त्यांच्या दारी जाऊ नये. मुलींच्या बाबतीत अधिक सावध असावे. त्या इतरांचे पाहून वागणे उचलतात आणि शांत म्हणून नावाजल्या जातात, त्यामुळे त्यांचे निदान फार उशिरा होते किंवा होतच नाही.

कायद्याविषयी थोडेसे. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत त्याचा समावेश झाला. तो एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. प्रमाणपत्रासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस प्रश्नांची भारतीय मोजणी वापरतात. चाळीस टक्के किंवा अधिक निघाल्यास उच्च शिक्षणातील आणि सरकारी नोकरीतील राखीव जागांचा लाभ मिळतो. शालान्त परीक्षेत जादा वेळ व लेखनिक मिळतो. शाळेकडे अर्ज वर्षाच्या आरंभीच करावा. प्रमाणपत्र काढावे की नाही, यावर आमच्या घरी एकमत नाही. आम्ही काढावे म्हणतो, कारण आमच्या पश्चात येथे त्याचे कोणी नातलग नाही. तो म्हणतो, टक्केवारी कशाची काढणार ते आधी लिहून द्यावे. तो सज्ञान आहे, नकाशे तयार करणाऱ्या एका कंपनीत नोकरी करतो, तेव्हा निर्णय त्याचा.

मंडळाकडे आमचे मागणे लहानसे आहे. गेल्या दोन वर्षांपासून गणेशोत्सवात आरतीची वेळ फलकावर लिहिली जाते आणि ग्रंथालयाची खोली त्या वेळी उघडी ठेवली जाते. पहिल्या वर्षी तेथे आमचा मुलगा एकटा होता, गतवर्षी चार मुले होती. ही प्रथा उत्सवाच्या नियमावलीत लिहून ठेवावी, म्हणजे कार्यवाह बदलले तरी खोली उघडी राहील. आणि कोणाही मुलास ‘नमस्कार कर, पापा दे’ असा आग्रह एकदाच करावा, दुसऱ्यांदा करू नये.

ज्यांच्या मनात आपल्या मुलाविषयी शंका आहे त्यांच्यासाठी आम्ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दहा ते बारा मंडळाच्या ग्रंथालयात बसणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही, निदान सांगणार नाही; कोठे जावे, काय विचारतील, कोणते कागद न्यावेत, एवढेच सांगू. येताना शाळेच्या वह्या, प्रगतिपुस्तके आणि जुन्या चित्रफिती आणाव्यात. वेळेची नोंद चिरंजीवाकडे आहे, तेव्हा दहा म्हणजे दहा.